दोन कॉम्प्युटर यूएसबीने थेट जोडले तर नक्की काय जळू शकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या डेस्कटॉपमधल्या फाइल्स नव्या लॅपटॉपवर घ्यायच्या आहेत. एका हार्ड डिस्कच्या केसबरोबर आलेली, दोन्ही टोकांना तीच चपटी यूएसबी पिन असलेली केबल हाताशी आहे. ती दोन्हीकडे लावली तर फाइल्स जातील का, आणि काही जळेल का? तुम्ही पाच मिनिटं लावूनही पाहिली, दोन्ही मशीन चालू होती, काहीच घडलं नाही. मित्र म्हणाला, दोन्ही बाजू एकदम सिग्नल पाठवतात, त्यामुळे पोर्ट उडतात.

फाइल्स जाणार नाहीत. जळण्याचं म्हणाल तर बहुतेक वेळा काही होत नाही, कधी एखादा पोर्ट जातो, आणि क्वचित प्रकरण पोर्टवर थांबत नाही. पण तुमचा मित्र ज्या तारांना घाबरतोय, त्या या केबलमधल्या सगळ्यात गरीब तारा आहेत. खरी भानगड उरलेल्या दोन तारांत आहे: पाच व्होल्टची आणि ग्राउंडची, म्हणजे करंटच्या परतीची.

आधी डेटाच्या तारा बघू, म्हणजे तो विषय संपेल. यूएसबी २.० मध्ये डी-प्लस आणि डी-मायनस अशा दोन तारा असतात. होस्टच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजूला या दोन्ही तारा १५ किलोओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडकडे खाली ओढलेल्या असतात. माउस, पेनड्राइव्ह, प्रिंटर यांच्या बाजूला दोनपैकी एक तार १.५ किलोओहमने ३.३ व्होल्टकडे वर ओढलेली असते. तार वर गेली की होस्टला कळतं, कुणीतरी आलं. त्यानंतरच तो बोलायला सुरुवात करतो. होस्टला होस्ट जोडला की दोन्हीकडून तारा खालीच ओढलेल्या राहतात. वर ओढणारं कुणी नाही, म्हणजे कुणी आल्याची वर्दीच नाही. दोन्ही घरी यजमान दारात उभे आणि पाहुणा कुणीच नाही, असा प्रकार. दोघंही गप्प. सिग्नलची टक्कर होण्यासाठी आधी कुणीतरी तोंड उघडावं लागतं. विंडोजने ‘नवीन डिव्हाइस सापडलं’ असं काही दाखवलं नाही, त्याचं कारण हेच.

आता पाच व्होल्टची तार. डेस्कटॉप पाच व्होल्ट देतो, लॅपटॉपही देतो. आणि दोघांचे पाच व्होल्ट कधीच नेमके सारखे नसतात. साध्या यूएसबी २.० पोर्टवर ४.७५ ते ५.२५ पर्यंत काहीही चालतं. समजा लॅपटॉपवर ५.१० आहे आणि डेस्कटॉपवर ४.९५. फरक ०.१५ व्होल्टचा. एक मीटरच्या बारीक केबलचा जाण्या-येण्याचा रेझिस्टन्स, पिनांचे सांधे, दोन्ही बोर्डांवरचे फ्यूज, हे सगळं मिळून साधारण ०.७ ओहम धरा. म्हणजे लॅपटॉपकडून डेस्कटॉपकडे वाहणारा करंट दोनशे मिलिअँपिअरच्या आसपास. पोर्ट पाचशे मिलिअँपिअर देण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे इतक्याने त्याचं काही बिघडत नाही. तुमची पाच मिनिटं निभावली ती या हिशेबामुळे. मात्र यात दैवाचा वाटा आहे. केबल जाड आणि आखूड असती आणि फरक ०.४ व्होल्टचा असता, तर तोच करंट अँपिअरच्या वर गेला असता.

इथे बरेच जण म्हणतात, पोर्टला ओव्हरकरंट संरक्षण असतं ना. असतं, पण ते कोणत्या दिशेला तोंड करून उभं आहे ते बघा. बोर्डवर एकतर पॉलिफ्यूज असतो (गरम झाला की रेझिस्टन्स वाढवणारा आणि थंड झाला की पूर्ववत होणारा), नाहीतर छोटी पॉवर-स्विच चिप. दोघांनाही बसवलेलं असतं बाहेर जाणारा करंट आवरायला. पॉलिफ्यूज उलट्या करंटनेही तापतो, पण मर्यादेच्या बराच वर गेल्यावरच; चिप बहुधा फक्त बाहेरची दिशा बघते. बाहेरून आत येणाऱ्या करंटची कल्पना जुन्या डिझाइनमध्ये कुणी केलेलीच नसते, कारण पोर्टच्या पलीकडे पाहुणा असणार, स्वतःचं पाणी घेऊन येणारा दुसरा यजमान नव्हे. पाण्याच्या टाकीच्या भाषेत सांगायचं तर बाहेर जाणाऱ्या नळीवर तोटी आहे, पण नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नाही. काही स्विच चिपमध्ये उलटा करंट अडवण्याची सोय असते, काहींत नसते, आणि ज्यांत नसते त्यांच्या आतल्या मॉस्फेटचा (स्विचचं काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) अंगभूत डायोड स्विच बंद असतानाही आतल्या दिशेने वाट देतो. पोर्टकडे बघून हे कळत नाही.

शिवाय आत शिरलेला करंट जातो कुठे? पाच व्होल्ट बनवणारा रेग्युलेटर साध्या जातीचा असेल तर त्याला वाटतं, व्होल्टेज पुरेसं आहे, मी थांबतो. तो थांबतो आणि शेजाऱ्याच्या जिवावर बोर्ड चालतो. पण सिंक्रोनस बक जातीचा, म्हणजे डायोडच्या जागी दुसरा मॉस्फेट असलेला आणि करंट दोन्ही दिशांनी वाहू देणारा रेग्युलेटर असेल, तर तो वाढलेलं व्होल्टेज खाली आणण्यासाठी करंट आत ओढतो आणि उलट चालून स्वतःच्याच इनपुटकडे, म्हणजे १२ किंवा १९ व्होल्टच्या बाजूला ढकलतो. ती बाजू करंट परत घेऊ शकत नसेल तर तिथल्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज चढत जातं. मेलेला पोर्ट घेऊन आलेल्या बोर्डात कधीकधी पोर्टच्या आसपास सगळं ठणठणीत आणि इनपुटचा कपॅसिटर मात्र फुगलेला दिसतो, त्यातल्या काहींचं मूळ इथे असतं.

हे सगळं दोन्ही मशीन चालू असतानाचं झालं. एक बंद आणि एक चालू, ही स्थिती जास्त वाईट, आणि लोक नेमकी तीच सुरक्षित समजतात. ‘बंदच आहे, काय होणार?’ बंद मशीनची पाच व्होल्टची लाइन शून्यावर असते आणि तिच्यावर हजारो मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लटकलेले असतात. केबल लावताक्षणी चालू मशीनला समोर जवळजवळ शॉर्टच दिसतो. पाच व्होल्टला ०.७ ओहमने भागा, सात अँपिअर. क्षणभरच, पण त्या क्षणात चालू मशीनची स्वतःची पाच व्होल्टची लाइन बसते आणि शेजारच्या पोर्टवर लिहिणं चालू असलेली हार्ड डिस्क मध्येच रीसेट होते. डेटा गमावण्याची ही खात्रीशीर पद्धत आहे. पॉवर-स्विच चिप असेल तर ती लगेच तोडते आणि स्क्रीनवर पॉवर सर्जचा इशारा येतो. पॉलिफ्यूजला मात्र गरम व्हायला वेळ लागतो.

पुढे अजून गंमत आहे. बंद बोर्ड आता अर्धवट जागा होतो. पाच व्होल्टच्या लाइनवर साडेतीन-चार व्होल्ट पोहोचतात, त्यातून खालचे ३.३ आणि १.८ वगैरे पुरवठे अर्धेमुर्धे उभे राहतात, कुणी आधी, कुणी मागून. चिपांना ज्या क्रमाने वीज मिळायला हवी तो क्रम पार विस्कटतो. एखाद्या चिपला पुरवठ्याच्या पिनेऐवजी सिग्नलच्या पिनेतून, तिथल्या संरक्षक डायोडमधून वीज मिळू लागते. अशा वेळी चिप ‘लॅच-अप’ होऊ शकते, म्हणजे तिच्या आत पुरवठ्यापासून ग्राउंडपर्यंत एक वाट उघडते आणि वीज पूर्ण काढेपर्यंत बंद होत नाही. वीज पुरेशी असेल तर चिप त्यातच तापून जाते.

माझ्या टेबलावर एकदा एक छोटा कंट्रोल बोर्ड आला. तक्रार अशी, की बंद करून चालू केला की दहापैकी सात वेळा उठतच नाही. बोर्ड मी टेबलावर नुसता चालवला, दिवसभर व्यवस्थित उठला. तेव्हा मालकाला त्याची सगळी जोडणी आणायला सांगितली. सोबत स्वतःचा अडॅप्टर असलेला एक यूएसबी हब निघाला. बोर्डाचा पुरवठा काढला आणि खोलीतला दिवा बंद केला, तर बोर्डावरचा हिरवा एलईडी मंद तेवत होता. मीटर लावला: पाच व्होल्टच्या लाइनवर २.९ व्होल्ट. हबमधून उलटे येत होते, हबला बोर्डाशी जोडणाऱ्या केबलमधून. बोर्ड खऱ्या अर्थाने कधी बंदच होत नव्हता, त्यामुळे चालू होताना जो रीसेट मिळायला हवा तो त्याला मिळत नव्हता. हबमध्ये आतून लाल, म्हणजे पाच व्होल्टच्या तारेला एक डायोड लागायला हवा होता. त्या जागी छापील बोर्डावर पॅड होते आणि त्यावर शून्य ओहमचा तुकडा, म्हणजे नुसती थेट जोडणी. यूएसबीच्या अधिकृत चाचण्यांमध्ये डिव्हाइस स्वतःहून होस्टकडे व्होल्टेज ढकलत नाही ना, हे तपासलं जातं आणि ४०० मिलिव्होल्टच्या वर गेलं तर ते नापास. हा हब त्या वाटेने गेलाच नव्हता हे उघड आहे.

सांगायचा मुद्दा, होस्टला होस्ट जोडणं म्हणजे फक्त तुमची ती केबल नव्हे. असा हब, हार्ड डिस्कला जास्त करंट मिळावा म्हणून मिळणारी दोन तोंडांची ‘वाय’ केबल (एक तोंड लॅपटॉपला आणि दुसरं चार्जरला लावलं की झालंच), पॉवर बँकेचा आउटपुट कॉम्प्युटरला लावणं, ही सगळी त्याचीच भावंडं.

आता ग्राउंडची तार. सगळ्यात कमी चर्चा हिची होते आणि जिवावर बेतू शकणारी एकमेव गोष्ट हीच आहे.

लॅपटॉपचा अडॅप्टर दोन पिनांचा असेल तर लॅपटॉपचं ग्राउंड जमिनीशी कुठेच जोडलेलं नसतं. अडॅप्टरच्या आत मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांच्यामध्ये, खरखर दाबण्यासाठी, एक छोटा ‘वाय’ जातीचा कपॅसिटर असतो, बहुधा एक-दोन नॅनोफॅरडचा. त्यातून मेन्सचा अगदी किरकोळ करंट गळतो. २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झला २.२ नॅनोफॅरडमधून जास्तीत जास्त ०.१६ मिलिअँपिअर. धातूच्या लॅपटॉपवरून हात हलकेच फिरवताना जी मुंग्या आल्यासारखी झिणझिण जाणवते ती हीच. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक यूएसबी पोर्टच्या धातूच्या कडेला आणि दुसरं अर्थिंगला लावा, साठ ते शंभरच्या घरात आकडा दिसेल आणि छातीत धस्स होईल. त्याच दोन टोकांमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर टाका. आकडा व्होल्ट-दीड व्होल्टवर कोसळतो. व्होल्टेज आहे, पण त्याच्यामागे जोर नाही. लॅपटॉप अर्थिंग असलेल्या डेस्कटॉपला जोडलात तर हा गळका करंट मुकाट्याने ग्राउंडच्या तारेतून निघून जातो.

फक्त जोडायच्या क्षणाला महत्त्व आहे. यूएसबीच्या पिनेत आधी बाहेरचं धातूचं कवच टेकतं, मग आतल्या चारपैकी कडेच्या दोन, पाच व्होल्ट आणि ग्राउंड, आणि शेवटी मधल्या दोन डेटाच्या. केबलची पिन उजेडात धरून बघा, मधल्या दोन पट्ट्या कडेच्यांपेक्षा आखूड दिसतील. साठलेला चार्ज कवचातून आधी निघून जावा, नाजूक डेटा पिनेतून जाऊ नये, यासाठी ही योजना. कवच नसलेल्या जुगाडू केबली, मदरबोर्डच्या हेडरला थेट खोचलेल्या तारा, सैल झालेले पोर्ट, यांत हा क्रम उरत नाही, आणि मग एखादा पोर्ट ‘नुसता लावला आणि गेला’.

खरी भीती दुसऱ्या चित्राची. तुमचा डेस्कटॉप तीन पिनांचा आहे. तो ज्या सॉकेटमध्ये आहे त्याला अर्थिंग नाही, किंवा वायर कधीची तुटलेली आहे, आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायमध्ये, इन्सुलेशन जाऊन फेज पत्र्याच्या डब्याला लागली आहे. डेस्कटॉप तरीही व्यवस्थित चालतो. आता तुम्ही त्याला दुसरं, नीट अर्थिंग असलेलं मशीन यूएसबीने जोडता. त्या क्षणी बिचारी बारीक यूएसबी केबल घरच्या वायरिंगमधली अर्थिंगची वायर बनते. तिच्यातून फॉल्टचा पूर्ण करंट वाहतो. केबल जळते, दोन्ही बोर्ड जातात. आणि दुसऱ्या मशीनलाही अर्थिंग नसेल तर काहीच जळत नाही, फक्त आता दोन्ही मशीनच्या डब्यांना फेज लागलेली असते. हे चित्र पहिल्यापेक्षा भयंकर. म्हणून तीन पिनांच्या कुठल्याही दोन मशीनना तांब्याच्या तारेने जोडण्याआधी मी मीटरने दोघांच्या डब्यांमधलं एसी व्होल्टेज बघतो. पन्नासच्या वर दिसलं तर तोच रेझिस्टर मध्ये टाकतो. तरीही कोसळलं नाही तर केबल बाजूला ठेवतो आणि इलेक्ट्रिशियनला बोलावतो. (मीटरची टोकं धरताना एक हात खिशात, ही जुनी सवय चांगली आहे.)

दोन वेगळ्या इमारतींतली मशीन असतील तर अर्थिंग शाबूत असूनही दोन अर्थिंगमध्ये व्होल्टभराचा फरक असू शकतो, आणि केबलचं कवच ओहमपेक्षाही कमी रेझिस्टन्सचं असल्यामुळे त्यातून अँपिअरमध्ये करंट वाहू शकतो. जवळपास वीज पडली तर तो फरक काही क्षण हजारो व्होल्टचा होतो. अशा जागी तांब्याची यूएसबी नकोच.

मग तुमच्या हातातली केबल विकतात कशी? यूएसबीची पहिली अधिकृत नियमावली १९९६ मध्ये आली तेव्हाच चपटं ‘ए’ टोक यजमानाकडे आणि चौकोनी ‘बी’ टोक पाहुण्याकडे अशी विभागणी केली गेली. सुरक्षेचा सगळा भार पिनेच्या आकारावर टाकला होता: चुकीची जोडणी हाताने करताच येऊ नये. २.० च्या नियमांत ए-टू-ए केबलला जागाच नाही. पण हार्ड डिस्कच्या स्वस्त केस बनवणाऱ्यांनी डिव्हाइसवरच ‘ए’ सॉकेट बसवलं आणि त्यासाठी ए-टू-ए केबल दिली. केबल त्या केसपुरती निरुपद्रवी आहे. केस हरवली की ती सैराट सुटते. २००८ च्या यूएसबी ३.० मध्ये एक अधिकृत ए-टू-ए केबल आहे, ऑपरेटिंग सिस्टिम डीबग करणाऱ्यांसाठी, दोन होस्ट जोडायलाच. तिच्यात पाच व्होल्टची तार आणि जुन्या डेटाच्या दोन्ही तारा जोडलेल्याच नसतात, फक्त ३.० च्या वेगवान तारांच्या जोड्या उलटसुलट केलेल्या आणि ग्राउंड. नियम करणाऱ्यांना नेमकी कशाची भीती होती ते यावरून समजतं. तुमच्याकडची तशी आहे का हे बघायला मीटर बझरवर ठेवून दोन्ही टोकांची पहिली, म्हणजे पाच व्होल्टची पिन तपासा. वाजला तर ती नाही.

लाल तार कापून वापरू का, असं पुढचं मनात आलं असेल. कापा, पाच व्होल्टचा धोका जाईल, पण फाइल्स तरीही जाणार नाहीत, आणि ग्राउंडचा प्रश्न तसाच.

टाइप-सी मध्ये ही अक्कल केबलच्या आकारातून काढून चिपमध्ये घातली आहे. सी पोर्टवर एरवी पाच व्होल्ट नसतातच. वीज देणारा सीसी नावाच्या पिनेवर रेझिस्टरने वर ओढतो, घेणारा ५.१ किलोओहमने खाली. देणाऱ्याला समोर तो ५.१ दिसला आणि लाइनवर आधीपासून व्होल्टेज नाही अशी खात्री झाली, तरच तो पुरवठा सोडतो. दोन्ही फक्त देणारे असतील तर काहीच होत नाही. दोन लॅपटॉप सी-टू-सी केबलने जोडले तर दोघं आळीपाळीने दोन्ही भूमिका करून बघतात आणि एक जण घेणारा ठरतो. कधी नवा लॅपटॉप जुन्याला चार्ज करताना दिसतो, इतकंच. मात्र सी सॉकेट आणि ए पिन असलेला तो इवलासा कन्व्हर्टर मिळतो ना, तो नियमात बसत नाही. सी-टू-सी केबलच्या दोन्ही टोकांना असे दोन लावले की तुमचीच जुनी ए-टू-ए केबल तयार.

फाइल्ससाठी सरळ नेटवर्क केबल घ्या आणि दोन्हींच्या इथरनेट पोर्टमध्ये थेट लावा. गिगाबिट पोर्टना क्रॉस केबल लागत नाही, तारांची अदलाबदल ते स्वतः करतात. दोन्हीकडे हाताने आयपी पत्ता द्या, एकीकडे फोल्डर शेअर करा, सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास वेग मिळेल. आणि या सगळ्या पुराणानंतर तुम्हाला आवडेल अशी गोष्ट: इथरनेटच्या प्रत्येक पोर्टमागे छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि त्यांना १५०० व्होल्ट एसी सोसावे लागतात. साध्या, कवच नसलेल्या केबलने दोन मशीनची ग्राउंड एकमेकांना शिवतच नाहीत. लॅपटॉपला इथरनेट नसेल तर यूएसबीचा अडॅप्टर चालतो. मध्ये फुगीर डबी असलेली यूएसबी ‘डेटा ट्रान्सफर’ केबलही मिळते. त्या डबीतली चिप दोन्हीकडे पाहुणा बनते, त्यामुळे ती रास्त आहे, पण ग्राउंड तीही जोडते.

तुमचे पोर्ट शाबूत आहेत का ते बघायचं असेल तर आधी दोन्ही पोर्टवर नेहमीचा पेनड्राइव्ह लावून मोठी फाइल कॉपी करा. मग मशीन पूर्ण बंद करा, प्लग काढा, लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर काढा. मीटर डायोडवर ठेवा, लाल टोक ग्राउंडला म्हणजे पोर्टच्या कवचाला, काळं टोक डेटाच्या एका पिनेला, मग दुसऱ्या. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत, आणि त्याच मशीनच्या न वापरलेल्या पोर्टशी जुळायला हवेत. एका पिनेवर ०.५ आणि दुसरीवर ०.१ किंवा काहीच नाही, असं आलं तर तो पोर्ट आतून गेला आहे.